अंबाडीबाबतचा ठराव

गोष्ट तशी चार ओळींची आहे. पण ती व्यंकटराव सोनकांबळे यांच्या हातात पडली. त्यांच्या हातात पडलेल्या कुठल्याही गोष्टीला आधी विषय फुटतो, मग संदर्भ फुटतो आणि शेवटी 'प्रत माहितीस्तव' फुटते. नांदेडच्या मैत्री नगरात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मोबाइलवर 'गटवारी' नावाचा एक खेळ येतो. रोज सकाळी सहाला सोळा शब्द येतात, त्यांचे चार-चार शब्दांचे चार गट पाडायचे. तीन चुका माफ, चौथीला डाव खलास. सलग शंभर दिवस डाव जिंकला की तुमच्या नावाचं प्रशस्तिपत्र. व्यंकटरावांच्या लातूरला नोकरीला असलेल्या लेकीनं, लुंबिनीनं, हा खेळ पप्पांच्या मोबाइलात टाकून दिला. कारण एवढंच, की रिटायर झाल्यापासून पप्पा आईच्या, म्हणजे भामाबाईंच्या, स्वयंपाकघराची तपासणी करून राहिले होते. डाळीच्या डब्यांवर त्यांनी अनुक्रमांक टाकले होते आणि तिखटाचा डबा जागेवर नसला की विचारणा करत होते. भामाबाईंनी लेकीला फोन करून सांगितलं होतं, "बाई, तुझ्या पप्पाला कशात तरी गुतव, न्हाई तर मी लातूरला येते."

प्रशस्तिपत्र हा शब्द ऐकला आणि व्यंकटराव ताठ बसले. एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केलेला माणूस. आदर्श ग्रामसेवक पुरस्कारासाठी त्यांचा प्रस्ताव तीनदा वर गेला आणि तीनदा त्रुटीत परत आला. पहिल्यांदा फोटो जोडले नव्हते. दुसऱ्यांदा फोटो होते, पण साक्षांकित नव्हते. तिसऱ्यांदा सगळं होतं, पण तोवर प्रस्तावाचा नमुनाच बदलला होता. आता इथं नमुना नाही, वरचं ऑफिस नाही, शिफारस नाही. शंभर दिवस जिंकायचं आणि कागद घ्यायचा! व्यंकटरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या तारखेला गोल केला आणि कामाला लागले.

तेरा दिवस सुरळीत गेले. चौदाव्या दिवशी त्यांच्यातला ग्रामसेवक जागा झाला. आपण एकट्यानं जिंकून काय उपयोग? कॉलनीचाही विकास व्हायला पाहिजे! त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली हिंट टाकली, ती अशी:

'विषय: आजच्या गटवारीबाबत मार्गदर्शक सूचना. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गट क्र. १ मधील वस्तू महिला भगिनींच्या हाताखालून दररोज जातात. गट क्र. २ मध्ये शेतकरी बांधवांनी जातीने लक्ष घालावे. गट क्र. ३ व ४ बाबत स्वतंत्र पत्राने कळविण्यात येईल. प्रत माहितीस्तव: सौ. भामाबाई, स्वयंपाकघर.'

दहा मिनिटांत समोरच्या घरातले शेषेराव लुंगीवरच आले. शेषेरावांची भोकरजवळ वीस एकर जमीन. नातवंडांच्या शाळेपायी नांदेडात येऊन राहिले होते आणि नांदेडात करायला काही नाही म्हणून सकाळपासूनच चिडलेले असायचे.

"भाऊसाहेब, हे काय लावलं हो?" ते म्हणाले. गावाकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, आणि माणूस रिटायर झाला तरी ते काही सुटत नाही. "स्वतंत्र पत्रानं कळवू म्हणं! सरळ उत्तर टाकून द्या की. खामखा डोक्याला ताप."

"उत्तर अजिबात द्यायचं नाही," कुंपणापलीकडून तारामतीबाई म्हणाल्या. त्या मुदखेडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या होत्या आणि अजूनही खडू हातात असल्यासारखं बोलायच्या. "आधी छोटी हिंट. मग मोठी हिंट. मग उत्तर. मुलांना विचार करायला वेळ मिळाला पाहिजे." यातलं सगळ्यात लहान मूल अठ्ठावन्न वर्षांचं होतं.

व्यंकटरावांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि वेळापत्रक काढलं. साडेसहाला छोटी हिंट, सातला मोठी, साडेसातला उत्तर. लगेच तक्रारी सुरू झाल्या. सातला नळाला पाणी येतं, तेव्हा मोठी हिंट वाचायला फुरसत कुणाला? मोठी हिंट सव्वासातवर गेली. मग फिरायला जाणाऱ्यांचं म्हणणं आलं, की छोटी हिंट सहा वीसला पाहिजे, म्हणजे रस्त्यानं चालता चालता विचार करता येतो. एक जण विचार करत करत पार बायपासपर्यंत गेला आणि ऑटोनं परत आला. त्याचं खापरही व्यंकटरावांवर फुटलं.

तिकडं लुंबिनीनं या हिंटा कौतुकानं आपल्या घरमालकांना पाठवल्या. घरमालक वीरण्णा हे गणिताचे रिटायर मास्तर. आणि लातूरच ते! तिथं कशाचीही बॅच निघते. वीरण्णांनी आठवडाभरात आपल्या वयाचे बारा जण गोळा केले, मागच्या साठ दिवसांचे शब्द टाइप करून त्याच्या झेरॉक्स वाटल्या, अपेक्षित गट काढले आणि दर रविवारी सराव चाचणी सुरू केली. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा नांदेडला फोन यायचा.

"सोनकांबळे सर, तिसरा गट क्लिअर होईना. आमच्या पोरांची आज टेस्ट आहे."

पोरांमधल्या दोघांचे गुडघे बदललेले होते. पण व्यंकटरावांना कोण आनंद! रिटायर झाल्यापासून त्यांचा फोन बँकेच्या मेसेजशिवाय वाजत नव्हता. आता तो वाजला की ते मुद्दाम दोन रिंग जाऊ द्यायचे आणि मग घसा खाकरून "बोला" म्हणायचे.

आणि मग तो भोकरचा प्रकार झाला. एके दिवशी शब्दांत मनमाड, पूर्णा, भुसावळ, मुदखेड आणि भोकर अशी नावं आली. व्यंकटरावांनी बेधडक हिंट टाकली, 'मुदखेड व भोकर एकाच गाडीने जावे.' अख्खी कॉलनी त्या गाडीत बसली आणि अख्खी कॉलनी पडली. खेळ तयार करणाऱ्यांनी मुदखेडला बाकीच्या जंक्शनांबरोबर ठेवलं होतं आणि भोकर हे फळ धरून त्याला कैरी, लिंबू, आवळ्याबरोबर लोणच्यात घातलं होतं. व्यंकटराव स्वतः तिसऱ्या चुकीनंतर कसेबसे वाचले. शेषेराव तर दिवसभर धुमसत होते.

"आमच्या तालुक्याचं लोणचं घातलं राव!" ते भेटेल त्याला सांगत होते. "आन् भाऊसाहेबानं लोकाला तिकीट काढून दिलं."

संध्याकाळी लोक जमले. एकट्या माणसाच्या भरवशावर कॉलनीची इज्जत सोडता येणार नाही असं ठरलं. यापुढं गट जो काही पाडायचा तो सर्वांनी मिळून, व्यंकटरावांच्या व्हरांड्यात, व्यंकटरावांच्या मोबाइलवर. आणि व्यंकटराव म्हणाले, सर्वांनी मिळून करायचं तर ते रीतसर करू. इथं चूक झाली. पण एकतीस वर्षं ग्रामसभा चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला सभा भरू लागली. दहा सभासद आणि अकरावे व्यंकटराव, सचिव. नवं रजिस्टर आलं. एकानं गट सुचवायचा तो सूचक, दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा तो अनुमोदक, मग हात वर करून मतदान, मग ठराव, आणि ठराव झाला की सचिवानं तो मोबाइलवर दाबायचा. भामाबाईही सभासद होत्या. त्या आतून चहाच्या गाळणीसकट हात वर करायच्या. एकदा नायगावला कुणाचं तरी लग्न होतं म्हणून तिघंच आले. व्यंकटरावांनी गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली, पंधरा मिनिटं तिघांना तिथंच बसवून ठेवलं आणि मग त्याच जागी त्याच तिघांची तहकूब सभा घेतली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या तिघांतल्या एकाला अजून हे पटलेलं नाही.

सचिवाला मात्र मत नसतं. तो लिहितो, वाचून दाखवतो आणि अंमलबजावणी करतो. व्यंकटरावांना बहुतेक दिवशी सहा वाजून चार मिनिटांनी सगळे गट दिसलेले असायचे. पण ते बोलायचे नाहीत. फार झालं तर खोकायचे. दोनदा खोकले की तारामतीबाई सुचवलेला गट मागं घ्यायच्या, असं नंतर नंतर जमून गेलं होतं. अशानं गाडी नव्याण्णव दिवसांपर्यंत आली.

शंभराव्या दिवशी व्यंकटरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. लुंबिनीचा पावणेसहाला फोन येऊन गेला होता. वीरण्णांनी लातूरहून शुभेच्छा दिल्या होत्या आणि शिवाय 'घाई करू नये, पेपर पूर्ण वाचावा' अशी सूचना केली होती. सहाला शब्द आले. परात, तवा, उलथनं, पोळपाट हा गट भामाबाईंनी आतूनच ओरडून सांगितला आणि तो एकमतानं हिरवा झाला. आता बारा शब्द राहिले. व्यंकटरावांनी ते मोठ्यानं वाचले: मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, ताग, घायपात, काथ्या, हराळी, कुंदा, लव्हाळा, गाजरगवत.

"सोपं आहे," तारामतीबाई म्हणाल्या. "मेथी, शेपू, चुका, अंबाडी. पालेभाज्या."

दहा हात वर गेले. व्यंकटरावांनी दाबलं. 'एक शब्द चुकला,' मोबाइल म्हणाला. पहिली चूक.

"चाकवत काढा आधी," शेषेराव पुढं सरकले. "ते तण हाय. गव्हात लई माजतं. हराळी, कुंदा, गाजरगवत आन् चाकवत. आयुष्य गेलं माझं खुरपण्यात."

"लव्हाळा?" कुणीतरी विचारलं.

"त्याची दोरी व्हते. माझा बाप वळायचा."

ठराव झाला. तणांचा गट दाबला, दुसरी चूक. ताग, घायपात, काथ्या आणि लव्हाळा हा दोरांचा गट दाबला, तिसरी चूक. आता एकच दाब शिल्लक होता.

व्यंकटरावांना सगळं लख्ख दिसत होतं. पुण्यामुंबईकडं चाकवताची भाजी करून खातात. लव्हाळा हे तणच. आणि अंबाडीचा वाख काढून दोर वळतात, म्हणून अंबाडी दोरांच्या गटात. बस, एवढंच! ते खोकले. परत खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा भामाबाईंनी आतून पाणी आणून दिलं.

"हे मोबाइलच चुकून राहिलं," शेषेराव म्हणाले. "अंबाडी भाजी न्हाई म्हणं! अंबाडीच्या भाजीवर आपण वाढलो. मी मांडतो ठराव. पहिलंच उत्तर परत पाठवा. फेरसादर करा."

तारामतीबाईंनी अनुमोदन दिलं. व्यंकटरावांनी फेरसादर केलं. 'हा गट आधीच दिला आहे,' मोबाइल म्हणाला.

"शब्द मागंपुढं करून पाठवा," शेषेराव म्हणाले. तसंही पाठवलं. मोबाइल फसला नाही. मग अर्धा तास चर्चा झाली. शेवटी शेषेरावांनी मन मोठं केलं. चाकवताला भाजी मानायला ते तयार झाले, पण अंबाडी सुटणार नाही. त्यापेक्षा चुका काढा. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी. सात विरुद्ध तीन मतांनी ठराव मंजूर झाला. भामाबाईंची गाळणी सातांत होती.

"दाबा, भाऊसाहेब."

व्यंकटरावांनी मेथी दाबली. शेपू दाबला. चाकवत दाबला. अंगठा अंबाडीवर आला, तिथं थोडा थांबला, आणि काय झालं कोण जाणे, तो सरकला आणि चुक्यावर पडला. गट हिरवा झाला. मग त्यांनी कुणाकडं न बघता अंबाडी दोरात टाकली, लव्हाळा तणात टाकला. मोबाइलवर फुलं उधळली गेली. शंभर!

व्हरांड्यात टाळी वाजली नाही.

"भाऊसाहेब," शेषेराव सावकाश म्हणाले, "ठराव काय झाला होता?"

"अहो, पण बरोबर आलं की," व्यंकटराव म्हणाले.

"बरूबर-चूक मी इचारलं न्हाई. ठराव काय झाला होता?"

लोक उठले. तारामतीबाईंनी कप अर्धाच ठेवला. पाच मिनिटांत व्हरांडा रिकामा झाला. मोबाइलवर प्रशस्तिपत्र आलं होतं, निळ्या वेलबुट्टीचं, 'श्री. व्यंकटराव सोनकांबळे यांनी सलग शंभर दिवस'. ते त्यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग वाचून दाखवायला वर मान केली तर समोर दहा कप आणि भामाबाई.

"घ्या," भामाबाई म्हणाल्या. "आता त्या मोबाइलालाच चहा पाजा."

दुसऱ्या दिवशी सहाला कुणी आलं नाही. व्यंकटरावांनी एकट्यानं सोळा शब्द सोडवले, एकही चूक न करता, आणि त्यांना ते अळणी लागलं. हिंट टाकली तर ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा उचलला नाही. शेषेराव समोरच्या अंगणात पाठ करून बसले होते. वीरण्णांचा फोन आला, पण ते म्हणाले, "सर, अभिनंदन. पण ठराव मोडला असं ऐकलं." बातमी लातूरपर्यंत पोचली होती. प्रशस्तिपत्राची रंगीत प्रिंट काढून आणली होती, ती त्यांनी टीव्हीवर उभी केली, मग आडवी केली, मग कपाटात ठेवून दिली. खरंच वाईट वाटत होतं त्यांना.

तिसऱ्या दिवशी दाराखालून पाकीट आलं. अक्षर तारामतीबाईंचं. 'कारणे दाखवा नोटीस. सचिवांनी मंजूर ठरावाची अंमलबजावणी न करता स्वमर्जीने अंबाडी वगळली. तरी उद्याच्या सभेत लेखी खुलासा सादर करावा.' खाली दहा सह्या होत्या. एकतीस वर्षांत व्यंकटरावांना एक नोटीस आली नव्हती. त्यांनी सह्या वाचत वाचत शेवटची वाचली आणि आत बघितलं.

"अगं, तू पण?"

"मंग? अंबाडी भाजी हाय म्हणून मी हात वर केला होता की," भामाबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला काही किंमत हाय का न्हाई?" आणि त्यांनी ताट पुढं ठेवलं. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. "खा. दोर शिजवलाय."

दुपारभर व्यंकटराव खुलासा लिहीत बसले. पहिले तीन कागद 'उपरोक्त विषयान्वये' पासून सुरू झाले आणि फाटले. चौथा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी भरलेल्या व्हरांड्यात उभं राहून वाचला.

"अंबाडी भाजीच आहे. मी कालच खाल्ली. पण त्या दिवशी ती दोरांच्या गटात आहे, हे मला आधीच कळलं होतं. मला नोकरीतही बऱ्याच गोष्टी कळत होत्या. बोअर कुठं घेतला तर पाणी लागेल, शाळेची भिंत कुठं घातली तर पडणार नाही. सभा ठरवायची आणि मी लिहायचो. सचिवाला मत नसतं, हे मला मान्य होतं. मला प्रशस्तिपत्र पाहिजे होतं, हे खरं आहे. पण अंगठा तेवढ्यासाठी सरकला नाही. सगळ्यांच्या देखत एकदा तरी आपलं म्हणणं बरोबर यावं, असं वाटलं. ठराव मोडला ही चूक कबूल आहे. पुन्हा होणार नाही." त्यांनी कागदाची घडी केली. ती दोनदा चुकली.

तारामतीबाई चष्मा पुसत होत्या.

"आमच्या गावात बोअर कोरडा गेला," शेषेराव म्हणाले, "तवा आम्ही समद्यांनी मिळून तिथल्या भाऊसाहेबालाच शिव्या दिल्या. त्याला आधी कुणी इचारलंच नव्हतं." त्यांनी रजिस्टरकडं बोट केलं. "म्या ठराव मांडतो. सचिवाला एक मत द्यावं."

"तशी तरतूद नाही," व्यंकटराव घाईनं म्हणाले.

"तरतूद आम्ही करून राहिलो. तुम्ही लिवा."

"पण नियमात—"

"खाली बसा आणि लिहा," तारामतीबाई म्हणाल्या. "अनुमोदक मी."

दहा हात वर गेले, त्यातला एक गाळणीचा. व्यंकटरावांनी लिहिलं. लिहिताना त्यांचं सुरेख अक्षर एका ओळीत जरा वाकडं गेलं, पण खोडाखोड झाली नाही. मग रोजचे सोळा शब्द उघडले. त्या दिवशी शब्द अवघड होते. सभेनं नेहमीसारखा गोंधळ घातला, तीन चुका केल्या आणि शेवटच्या दाबाचा गट मतदानाला आला. बाजूनं दहा हात गेले.

"विरोधात?" शेषेरावांनी विचारलं आणि मुद्दाम सगळीकडं बघितलं.

व्यंकटरावांनी हात वर केला. नीट, सरळ, कोपर न वाकवता. शेषेरावांनी बोट दाखवून मोजला, "एक." ठराव दहा विरुद्ध एक मतानं मंजूर झाला, आणि सचिवांनी त्याची तंतोतंत अंमलबजावणी केली. डाव गेला. एकशे दोन दिवसांची साखळी तुटून शून्यावर आली.

"भाऊसाहेब, तुमचंच बरूबर होतं की हो," शेषेराव म्हणाले.

"हाव," व्यंकटराव म्हणाले, आणि भामाबाईंनी आणलेला चहा बाजूला ठेवून त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. आजवर प्रत्येक इतिवृत्तात त्यांचं नाव पानाच्या तळाला, सहीपुरतं येत होतं. आज त्यांनी ते मजकुरात लिहिलं: 'विरोधी मत एक. व्यंकटराव सोनकांबळे.' मग शाई वाळेपर्यंत पान उघडंच ठेवलं.